खेळघर : बर्थोर्पच्या लोहाराचा मुलगा

मागच्या अंकात रूनस्केप या जुन्या ऑनलाइन खेळाबद्दल लिहिताना बर्थोर्प या लष्करी गावाचा उल्लेख मी एका ओळीत केला होता. त्या ओळीवर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्या गावालाच द्यायचं ठरवलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधल्या गॉवर बंधूंनी केलेला हा खेळ 4 जानेवारी 2001 रोजी सुरू झाला आणि पुढे केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीने तो वाढवला. 2013 च्या फेब्रुवारीत खेळाडूंच्या मागणीवरून त्याचं 2007 सालचं रूप ‘ओल्ड स्कूल’ या नावाने परत आलं. साताऱ्यातली बहुतेक मुलं हेच खेळतात आणि खालचं सगळं लिखाण त्याबद्दलच आहे. बर्थोर्प म्हणजे असगार्निया राज्याच्या उत्तर टोकाचं, राजपुत्र अ‍ॅनलाफचं एक लहानसं संस्थान. उत्तरेला डोंगर आणि डोंगरात ट्रोल, म्हणजे माणसं खाणारे धिप्पाड राक्षस. त्यांना थोपवण्यासाठी गावात ‘इम्पीरियल गार्ड’ नावाची फौज आहे. खेळणाऱ्याने एकेक गोष्ट उलगडत पूर्ण करायच्या मोहिमांना या खेळात ‘क्वेस्ट’ म्हणतात.

प्रश्न : मी बारावीत आहे. बर्थोर्पच्या दोन्ही मुख्य क्वेस्ट मी पूर्ण केल्या. तरी याला लष्करी गाव का म्हणायचं ते कळलं नाही. एक किल्ला, चार तंबू, एक सराय. धड बँकसुद्धा नाही. त्यापेक्षा राजधानी फालाडोरला तटबंदी आहे, व्हाइट नाइट्स आहेत. बर्थोर्पला सगळे फक्त वॉरियर्स गिल्ड या योद्ध्यांच्या संघासाठी जातात. — एक विद्यार्थी, रहिमतपूर

उत्तर : आधी एक विचारतो. क्वेस्ट करताना तू संवाद वाचलेस, की स्पेस बार दाबत पुढे गेलास? बहुतेक मुलं स्पेस बार दाबतात हे मी रोज बघतो. पोवई नाक्याजवळच्या माझ्या सायबर कॅफेत हा खेळ बरीच वर्षं चालतोय. संवाद न वाचता बर्थोर्प बघितलं तर तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तिथे बघायला काहीच नाही.

आता वाचून बघ. पहिली क्वेस्ट डेथ प्लॅटो. कमांडर डेनल्थ किल्ल्याबाहेरच्या तंबूत बसलाय. ट्रोलांनी वरचं पठार बळकावलंय आणि समोरून चढाई केली की वरून दगडांचा मारा होतो. त्याला दोन गोष्टी हव्यात : पठारावर जायची दुसरी वाट, आणि स्वतःच्याच हत्यारांच्या खोलीचं उघडलेलं दार. त्या दाराला रंगीत दगडी गोळ्यांचं कुलूप आहे. गोळे कुठल्या क्रमाने ठेवायचे ते पहाऱ्यावरच्या हॅरॉल्डला माहीत होतं, आणि तो क्रम लिहिलेला कागद आता सापडत नाही. हॅरॉल्ड सरायच्या माडीवर बसलाय. त्याला दारू पाजायची, त्याच्याशी जुगार खेळायचा आणि त्याच्याकडचे पैसे संपवायचे. मग तो उधारीची चिठ्ठी लिहून देतो. ती चिठ्ठी उलटून पाहिली की मागच्या बाजूला कुलपाचा क्रम.

माझे वडील, म्हणजे नाना, मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “कोतची चावी जुगारात?” कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली. तिथल्या प्रत्येक रायफलचा नंबर रजिस्टरला असतो, मोजणी होते, पहारा असतो. एक जरी नग कमी भरला तरी अख्ख्या कंपनीला झोप नसते. नानांना त्या हॅरॉल्डचा राग आला, तो खराच होता. ज्या माणसाने आयुष्यभर पहारे दिले त्याला एका काल्पनिक पहारेकऱ्याचा राग यावा, यातच या गावाची पारख झाली असं मी मानतो.

आता दुसरी वाट. गुहेत राहणारा साबा नावाचा एक तिरसट माणूस तुला तेनझिंग या शेर्पाकडे पाठवतो. (नाव 29 मे 1953 रोजी एव्हरेस्टवर पाय ठेवणाऱ्या तेनझिंग नोर्गे यांच्यावरून घेतलंय, हे उघड आहे.) तेनझिंग वाट दाखवायला तयार आहे, पण त्याच्या तीन अटी आहेत. दहा पाव, दहा ट्राउट मासे आणि त्याच्या चढणीच्या बुटांना खिळे ठोकून. खजिना मागत नाही, जादूची तलवार मागत नाही. भाकरी, कालवण आणि बूट! डोंगरातल्या फौजेला लागतं ते नेमकं हेच.

या बुटांपाशी जरा थांब. नानांचे कवायतीचे बूट अजून आमच्या माळ्यावर आहेत. तळाला लोखंडी खिळ्यांच्या ओळी, टाचेला नाल. चामडं इतकं जाड की उन्हाळ्यात तडकू नये म्हणून नाना वर्षातून एकदा ते खाली काढतात, बोटाला फडकं गुंडाळतात आणि टोकावर गोल गोल पॉलिश घासत बसतात. खिळे घासून गेले की मोच्याकडे जायचं. शिपाई बिनातक्रार दोन रात्री जागेल, पण बूट धड नसेल तर दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नाही, हे त्यांचं बोलणं मी लहानपणापासून ऐकलंय. ज्या कोणी ही क्वेस्ट लिहिली त्याला हे ठाऊक होतं.

खिळे ठोकणारा लोहार म्हणजे डन्स्टन, गावातच राहतो. लोखंडाची एक कांब दिली की काम होईल, पण मजुरी म्हणून तो एक वेगळीच गोष्ट मागतो. आपल्या मुलाला इम्पीरियल गार्डमध्ये घ्यावं, एवढं डेनल्थला सांगा. तू डेनल्थकडे जातोस, त्याला गरज आहे, तो भरतीचा कागद देतो. कागद लोहाराला मिळतो, बूट तेनझिंगला मिळतात, वाटेचा नकाशा तुला मिळतो. अटॅक या कौशल्याचे 3000 पॉइंट, पोलादी नख्यांचं हत्यार, क्वेस्ट पूर्ण.

आणि मग दुसरी क्वेस्ट, ट्रोल स्ट्राँगहोल्ड. डेनल्थकडे परत जावं, तर तो सांगतो की डन्स्टनच्या मुलाला ट्रोलांनी पकडून नेलंय. मुलाचं नाव गॉड्रिक. पहिल्या क्वेस्टमध्ये हे नाव तुझ्या कानावरसुद्धा आलेलं नसतं. तो फक्त ‘लोहाराचा मुलगा’ होता. त्याचा भरतीचा कागद तू स्वतःच्या हाताने आणून दिला होतास.

रहिमतपूरचा आहेस, म्हणून तुला सांगतो. आपल्या जिल्ह्यात ‘पोरगं लष्करात गेलं’ हे वाक्य किती घरांत किती आनंदाने बोललं जातं, तुला माहीत आहे. आणि नंतर एखाद्या दिवशी त्याच घरापुढे गर्दी कशी जमते, तेही तू पाहिलं असशील. फालाडोरला उंच तट आहे, पांढऱ्या चिलखतातले सरदार आहेत, पण तिथे मुलासाठी शब्द टाकणारा बाप मला भेटला नाही. बर्थोर्पला भेटतो. गावात लष्कर आलंय की गावातून लष्कर उभं राहिलंय, याचा फरक तिथे कळतो. आणि दोन्ही क्वेस्टचा हिशेब एकत्र मांडून बघ. दुसरी क्वेस्ट कमांडरपाशी संपत नाही. मुलाला सोडवून आणल्यावर शेवटचं बोलणं डन्स्टनशी होतं, त्याच्या घरी.

बँकेचं म्हणशील तर सरायच्या तळघरात चोरांचा अड्डा आहे, रोग्स डेन. तिथे बँकर उभा असतो, शेजारी कधीही न विझणारी चूल. छावणीच्या गावात सरायखाली चोरांचा बाजार असणं मला अजिबात खटकत नाही.

प्रश्न : नातू दिवाळीच्या सुट्टीत हा खेळ खेळत होता म्हणून शेजारी बसून पाहिला. किल्ल्यापुढे शिपायांची कवायत चालू असलेली पाहून बरे वाटले. परंतु भरती अशी ओळखीने, चिठ्ठीवर झालेली दाखवली आहे. मुलांच्या मनावर याचा चुकीचा परिणाम होईल असे वाटते. आपले मत कळवावे. — एक निवृत्त सुभेदार, सातारा तालुका

उत्तर : सुभेदारसाहेब, नमस्कार. आपण शेजारी बसून पाहिलंत ही मोठी गोष्ट आहे.

आपली शंका रास्त आहे. खेळातली फौज ही राजपुत्राची खासगी फौज आहे. तिथे कोणाला घ्यायचं ते कमांडर ठरवतो. युरोपातल्या जुन्या संस्थानांत असंच चालायचं आणि आपल्याकडेही जुन्या पलटणींत ‘अमक्याचा भाऊ, तमक्याचा पुतण्या’ म्हणून पोरं दाखल व्हायची, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आजची गोष्ट निराळी आहे. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदानावर सोळाशे मीटर, बीमवर पुल-अप्स, नऊ फुटी खंदक, झिगझॅग पट्टीवरचा तोल आणि मेडिकल. आपल्याकडची पोरं पहाटे रस्त्याच्या कडेने ‘सोळाशे मारताना’ दिसतात, त्यांना कोणाची चिठ्ठी चालत नाही. नातवाला हा फरक आपणच सांगा. माझ्या लेखापेक्षा आपल्या तोंडून त्याला तो जास्त पटेल.

पण त्या चिठ्ठीकडे मी आणखी एका बाजूने बघतो. चिठ्ठीमुळे खेळणारा त्या मुलाला बांधला जातो. परीक्षा देऊन तो आपला आपण भरती झाला असता, तर पुढे त्याला ट्रोलांनी नेल्यावर खेळणाऱ्याला काय वाटलं असतं? दुसरं एक काम, एवढंच. इथे मात्र आपण शब्द टाकलेला असतो. आपल्याकडे ज्याने शब्द टाकला तो पुढेही त्या घराची विचारपूस करतो. गावागावांत निवृत्त सुभेदार, हवालदार भरतीच्या पोरांना पदरमोड करून मैदानावर पळवतात आणि ती पोरं सुट्टीवर आली की आधी त्यांच्या पाया पडतात. हे नातं मला त्या क्वेस्टमध्ये दिसलं.

माझी या गावाबद्दल तक्रार दुसरीच आहे, आणि ती आपल्यासारख्यांनाच पटेल. बर्थोर्पमध्ये सार्जंट आहे, शिपाई आहेत, तिरंदाज आहेत, पण परत आलेला म्हातारा सैनिक कुठेही नाही. लढून आलेला, गुडघा धरून चालणारा, सरायच्या बाकावर बसून जुन्या चढाईचं सांगणारा एकही माणूस त्यांनी ठेवला नाही. गेलेल्यांची आठवण सांगणारा दगडही मला दिसला नाही. एवढी वर्षं ट्रोलांशी झुंजणारं गाव, आणि मेलेले कुठे गेले?

आपल्याच जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी या गावाचा विचार करा. गावाच्या नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात गावाने 46 माणसं गमावली, आणि ती ओळख गावाने शंभर वर्षं जपली. लहान मुलं गावात खेळतात, लग्नाची वरात गावातून जाते आणि आकडा मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतो. मिलिटरी गाव म्हणजे भरती, कवायत आणि लढाई एवढंच धरलं तर निम्मं गाव बाहेर राहतं. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला निघालेले आजोबा, कॅन्टीनचं कार्ड पिशवीत जपून ठेवणाऱ्या आजी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद घेऊन बसलेली एखादी तरुण वीरपत्नी, हीसुद्धा मिलिटरी गावाची माणसं. खेळ करणाऱ्यांनी तलवारी, ढाली मनापासून रेखाटल्या. ही माणसं रेखाटली असती तर बर्थोर्पच्या तोडीचं गाव कुठल्याच खेळात सापडलं नसतं.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. या गावात जायला मेंबरशिप लागते म्हणून पैसे मागतो. द्यावेत का? कोणी तरी त्याला स्वस्तात खेळातलं सोनं विकतो असंही म्हणाला. — एक आई, वाई

उत्तर : ताई, मेंबरशिप लागते हे खरं आहे. बर्थोर्प फुकटच्या भागात येत नाही. तो प्रामाणिकपणे सांगतोय. फुकटचा भागही मोठा आहे, एखादी सुट्टी त्यात सहज निघते. ते झाल्यावरही आवड टिकली तर एका महिन्याची द्या, वर्षाची एकदम देऊ नका.

सोनं विकणाऱ्याला मात्र दारात उभं करू नका. खऱ्या पैशाने परस्पर सोनं घेणं खेळाच्या नियमांत बसत नाही, खातं कायमचं बंद होऊ शकतं. शिवाय असे लोक पासवर्ड मागतात, ओटीपी मागतात. पैसे कंपनीच्या अधिकृत पानावरच भरायचे, कार्ड तुमच्या हातात ठेवायचं आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावायची. ती कशी लावायची हे मुलालाच विचारा, त्याला येतं.

प्रश्न : डेथ प्लॅटोवर आणि पुढे ट्रोलांच्या गडाकडे जाताना दरवेळी दगड लागून मरतो. लेव्हल फार नाही. उपाय सांगा. वॉरियर्स गिल्डमध्येही घेत नाहीत. — एक खेळाडू, इस्लामपूर

उत्तर : समोरच्या वाटेने जातोयस, म्हणून मरतोयस. दगड फेकणारे ट्रोल तिथेच बसलेले असतात. डेनल्थची माणसं ज्या चुकीने मेली तीच तू करतोयस. डेथ प्लॅटो क्वेस्टमध्ये लढाई करायचीच नसते. तेनझिंगच्या घरामागून जी चोरवाट जाते तिच्याने उत्तरेकडे चालत राहा, वाट सापडल्याचा संदेश आला की परत फिर.

ट्रोल स्ट्राँगहोल्डसाठी अ‍ॅजिलिटी, म्हणजे चपळाईच्या कौशल्याची लेव्हल, 15 लागते आणि चढणीचे बूट पायात लागतात. ते तेनझिंगकडे 12 नाण्यांना मिळतात. तिथेही वाटेत दगड येणारच, म्हणून प्रेअर 40 करून ‘प्रोटेक्ट फ्रॉम मिसाइल्स’ ही फेकून केलेल्या माऱ्यापासून वाचवणारी प्रार्थना घे. नसेल तर वाटेत खाऊन जीव भरून काढायला भरपूर मासे घे आणि कुठे न थांबता पळ. उलटून मारत बसू नको.

गडाच्या वाटेवर रिंगणात ‘डॅड’ नावाचा ट्रोल भेटेल, लेव्हल 101. या ट्रोलांची नावं कशी पडतात माहीत आहे का? जन्मल्यावर पहिल्यांदा जे खाल्लं ते नाव, किंवा खाताना त्या भक्ष्याने जो आवाज काढला तो. डॅडने काय खाल्लं ते तूच समज. हरायला आला की तो शरण येतो. मारायचं की सोडायचं हे तुझ्यावर आहे. मी सोडतो. शरण आलेल्यावर वार करू नये, हे ट्रोलालाही लागू आहे असं मला वाटतं.

तुरुंगात ट्विग आणि बेरी असे दोन पहारेकरी झोपलेले असतात, कोठड्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. थीव्हिंग (चोरीचं कौशल्य) 30 असेल तर खिशातून काढता येतात, नाहीतर लढून. शेजारच्या कोठडीत एडगर नावाचा म्हातारा आहे, त्यालाही सोडव. पुढच्या क्वेस्टला तोच कामाला येतो, आणि ती झाली की मॅजिक 61 ला थेट ट्रोलहाइम या डोंगरावर पोहोचायचा मंत्र मिळतो.

वॉरियर्स गिल्डचा नियम सरळ आहे. अटॅक आणि स्ट्रेंग्थची बेरीज 130, किंवा दोहोंपैकी एक 99. तेवढं झाल्याशिवाय दारातला घोमल आत सोडणार नाही. आत गेल्यावर आधी टोकन जमव. पूर्ण चिलखत यंत्रावर ठेवलं की ते जिवंत होऊन अंगावर येतं, त्याला हरवलं की टोकन मिळतात. सायक्लॉप्स या एकाक्ष राक्षसांच्या खोलीत शिरायला 100 टोकन लागतात आणि आत दर मिनिटाला 10 जातात, म्हणून पाचशे-सातशे साठल्याशिवाय जाऊ नकोस. त्यांना मारून डिफेंडर, म्हणजे ढालीच्या हातात धरायचं हत्यार, मिळतं. एक डिफेंडर मिळाला की तो दाखवूनच वरचा मिळतो.

प्रश्न : आम्ही दोघी कराडला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट म्हणून सातारच्या किल्ल्यावर बर्थोर्पसारखं लष्करी गाव असलेला छोटा खेळ करायचाय. सुरुवात कुठून करावी? — दोन विद्यार्थिनी, कराड

उत्तर : मुलींनो, तुमचं पत्र मी नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. जरूर करा.

काळ घ्या डिसेंबर 1699 ते एप्रिल 1700. औरंगजेब स्वतः सातारच्या पायथ्याला तळ ठोकून आहे. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. परळीहून, म्हणजे आजच्या सज्जनगडाच्या बाजूने, परशुरामपंत प्रतिनिधी रसद पोचवतायत. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन होतं, ती बातमी गडावर येते. एप्रिलमध्ये मोगल तटाखाली सुरुंग लावतात. पहिला उडाला तेव्हा प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसरा उडाला तेव्हा तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईसाठी सज्ज उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच पडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत गड द्यावा लागला. औरंगजेबाच्या मुलाच्या नावावरून त्याचं आझमतारा झालं. पुढे ताराबाईंच्या काळात गड परत आला आणि अजिंक्यतारा हे नाव मिळालं.

आता तुमचा खेळणारा कोण असावा? किल्लेदार करू नका. शाहिस्तेखानाची बोटं किंवा अफझलखानाचा वध अशा प्रसंगांवर मुलं आधीच पुष्कळ खेळ करतात, आणि त्यात खेळणारा कायम नायकच असतो. मी सांगेन, खेळणाऱ्याला कारखानीसाच्या हाताखालचा पोऱ्या करा. शिवकाळापासून गडाचा कारभार वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असायचा. हवालदाराकडे गडाचा अंमल आणि किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा, तेल, दोर, सगळी कोठारं. कुणा एकाला फितूर होऊन गड देता येऊ नये म्हणून कारभार असा वाटलेला. बर्थोर्पमध्ये एक हॅरॉल्ड दारू प्याला आणि हत्यारांची खोली बंद पडली. आपल्या गडावर तसं होऊ नये याचीच ही व्यवस्था. खेळाची रचना त्यातूनच निघते : एका अधिकाऱ्याचा निरोप घेऊन दुसऱ्याकडे जायचं, दुसऱ्याच्या शिक्क्याशिवाय तिसऱ्याचं दार उघडत नाही.

आणि कामं बर्थोर्पसारखीच साधी ठेवा. टाक्यातलं पाणी किती बोटं उतरलं ते बघून ये. परळीकडून आलेल्या नाचणीची पोती रात्रीत वर चढव. बुरुजावरच्या गोलंदाजाला वातीसाठी सूत हवंय. पायथ्याच्या गावातली बाई विचारतेय, तिचा नवरा मंगळाईच्या बुरुजावर आहे की दुसरीकडे हलवला, तेवढं विचारून सांग. हे शेवटचं काम नक्की ठेवा. खेळणाऱ्याने तिला ‘मंगळाईच्या बुरुजावर आहे’ असं सांगितलेलं असेल, आणि मग सुरुंग उडेल.

गड पावसाळ्याआधी पाहून घ्या, सकाळी लवकर चढा. तलाव आणि टाकी कुठे आहेत ते कागदावर काढा, अंतरं पावलांनी मोजा. रसद वर येण्याच्या वाटा या टाक्यांवरून आणि दरवाजांवरून तुम्हाला आपोआप सुचतील. गडाच्या बाजूने काही अडलं तर मला लिहा. कोडिंगचं विचारू नका, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. नाना म्हणतात, पहारे बदलायच्या वेळा आणि खुणेचे शब्द कसे ठरवतात ते त्यांना विचारायला यायचं असेल तर रविवारी दुपारनंतर कॅफेवर या. ते तिथेच असतात.